तुमचं आधार कोणाच्या खात्यात जातंय? सेवा केंद्रातल्या विंडोजच्या सेटिंग्ज एकदा तपासाच

जून महिना लागला की तालुक्याच्या गावात दोन ठिकाणी हमखास रांगा दिसतात. एक कृषी सेवा केंद्रासमोर आणि दुसरी ऑनलाईन कामं करणाऱ्या सेवा केंद्रासमोर. पीककर्ज, पीकविमा, फार्मर आयडी, ई-केवायसी, पोरांचे उत्पन्नाचे आणि जातीचे दाखले, सगळं त्या दुसऱ्या रांगेत. आपला नंबर आला की आपण पिशवीतून आधार कार्ड, सातबारा, आठ-अ, बँकेचं पासबुक काढतो आणि टेबलावर ठेवतो. ऑपरेटर ते स्कॅन करतो, अर्जाला जोडतो, पावती देतो. मूळ कागद पिशवीत परत येतात आणि आपण निघतो.

कागद परत आले, पण त्यांचे फोटो त्या कॉम्प्युटरवर राहिले. कुणी शहाणा शेतकरी विचारतो, "दादा, तेवढं माझं आधार डिलीट करा की." ऑपरेटर म्हणतो, "केलं काका, हे बघा." काका समाधानाने जातात. पण फाईल खरंच गेली का, आणि डिलीट करण्याआधी ती दुसरीकडे कुठे पोचली होती का, हे बऱ्याचदा त्या ऑपरेटरलाही माहीत नसतं. त्यात त्याची लबाडी असतेच असं नाही. कॉम्प्युटरमधली विंडोज ही प्रणाली काही गोष्टी आपणहून करते, आणि तिच्या सेटिंग्ज कुणी उघडूनच बघितलेल्या नसतात.

विंडोज म्हणजे कॉम्प्युटर चालू केल्यावर जी पहिल्यांदा उठते आणि बाकी सगळी कामं करून घेते ती ऑपरेटिंग सिस्टिम. आपल्याकडच्या बहुतेक सेवा केंद्रांत, झेरॉक्सच्या दुकानांत, पतसंस्थांत आणि ग्रामपंचायतींत तीच आहे. ती मायक्रोसॉफ्ट कंपनीकडे काय पाठवते, त्यातलं काय बंद करता येतं आणि काय येत नाही, हे आज सोप्या भाषेत समजून घेऊ.

विंडोज स्वतःहून काय पाठवतं?

मायक्रोसॉफ्ट याला डायग्नोस्टिक डेटा म्हणते. त्याचे दोन भाग आहेत. पहिला भाग 'रिक्वायर्ड', म्हणजे सक्तीचा. कॉम्प्युटर कोणत्या मॉडेलचा आहे, मेमरी किती, विंडोजची आवृत्ती कोणती, अपडेट नीट बसलं की अडकलं, कोणता प्रोग्रॅम बंद पडला, अशी माहिती यात जाते. ट्रॅक्टरच्या सर्व्हिसिंगची नोंद कंपनीकडे जावी तसाच हा प्रकार. घरगुती आणि साध्या ऑफिसच्या विंडोजमध्ये, म्हणजे होम आणि प्रो आवृत्तीत, हा भाग सेटिंग्जमधून बंद करता येत नाही. पूर्ण बंद करायची सोय मोठ्या कंपन्यांसाठीच्या एंटरप्राईझ आणि शाळा-कॉलेजांसाठीच्या एज्युकेशन आवृत्तीत दिलेली आहे.

दुसरा भाग 'ऑप्शनल', म्हणजे ऐच्छिक. तुम्ही मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये कोणत्या वेबसाईट उघडता, कोणता प्रोग्रॅम कसा वापरता, हे यात येतं. शिवाय एखादा प्रोग्रॅम मध्येच बंद पडला तर त्या क्षणी मेमरीत जे होतं त्याचाही काही भाग जाऊ शकतो. तुम्ही वापरत असलेल्या फाईलचे तुकडे त्यात नकळत येऊ शकतात, असं मायक्रोसॉफ्टने स्वतःच आपल्या माहितीत लिहिलेलं आहे. आता सेवा केंद्रात त्या क्षणी मेमरीत काय असणार? कुणाचा तरी अर्जच असणार. म्हणून हा ऐच्छिक भाग केंद्राच्या कॉम्प्युटरवर बंदच असला पाहिजे. तो बंद करायला एक पैसा लागत नाही.

याशिवाय प्रत्येक वापरकर्त्याला विंडोज एक जाहिरात क्रमांक देतं. माणसाची आवड बघून जाहिरात दाखवायला प्रोग्रॅम तो क्रमांक वापरतात. आणि एक गोष्ट कुणाच्या लक्षातच येत नाही. खालच्या स्टार्ट बटणाजवळच्या शोधपट्टीत तुम्ही जे टाईप करता ते फक्त तुमच्या कॉम्प्युटरवर शोधलं जात नाही, बिंग या इंटरनेटवरच्या शोधयंत्राकडेही जातं. म्हणजे ऑपरेटरने ग्राहकाची फाईल शोधायला तिथे त्याचं पूर्ण नाव किंवा आधार नंबर टाकला, तर तेवढे शब्द बाहेर गेले. फाईल शोधायची असेल तर फोल्डर उघडून त्याच्या आतल्या शोधपट्टीत शोधा.

यावरून परदेशात काय झालं?

ही काही गावठी शंका नाही. विंडोज १० हे २९ जुलै २०१५ ला आलं आणि तेव्हापासून यावर वाद आहे. फ्रान्समध्ये नागरिकांची खासगी माहिती जपण्यासाठी सरकारी संस्था आहे. तिने जुलै २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टला नोटीस काढली आणि सुधारणा करायला ३ महिने दिले. कोण कोणते ॲप उतरवतो, प्रत्येकावर किती वेळ घालवतो, ही माहिती गरजेपेक्षा जास्त गोळा होते, आणि जाहिरात क्रमांक न विचारता सुरूच असतो, असे आक्षेप होते. मायक्रोसॉफ्टने बदल केल्यावर २०१७ मध्ये ती नोटीस निकाली निघाली. नेदरलँड्समधल्या अशाच संस्थेनेही ऑक्टोबर २०१७ मध्ये सांगितलं की, काय गोळा होतं हे कंपनी लोकांना स्पष्ट सांगत नाही, त्यामुळे लोकांची संमती खरी ठरत नाही.

आज सेटिंग्जमध्ये जी बंद-चालूची बटणं दिसतात, पाठवलेली माहिती बघायची आणि पुसायची सोय दिसते, त्यामागे हा दबाव मोठा आहे. बटणं मिळाली, पण ती दाबायचं काम आपलंच आहे.

खरा धोका ढगाच्या चिन्हात

आता जरा लक्ष देऊन वाचा. वर सांगितलेली डायग्नोस्टिक माहिती हा भाग आहेच, पण सेवा केंद्राच्या बाबतीत त्याहून मोठी गोष्ट वेगळी आहे. तिचं नाव वनड्राईव्ह.

वनड्राईव्ह म्हणजे इंटरनेटवरची गोदामाची खोली. मायक्रोसॉफ्टचं खातं काढलं की ५ जीबी जागा फुकट मिळते. नवीन कॉम्प्युटर सुरू करताना विंडोज ११ मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करायला लावतं. त्यानंतर डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे तीन फोल्डर आपोआप वनड्राईव्हमध्ये कॉपी होऊ लागतात. बऱ्याच कॉम्प्युटरवर हे पहिल्या दिवसापासून सुरूच असतं. वापरणाऱ्याने तेव्हा फक्त 'नेक्स्ट, नेक्स्ट' केलेलं असतं.

घरच्या कॉम्प्युटरवर ही सोय चांगलीच आहे. हार्डडिस्क जळाली तरी लेकराबाळांचे फोटो वाचतात. पण सेवा केंद्रात ऑपरेटर स्कॅन केलेलं सगळं कुठे ठेवतो? डेस्कटॉपवर. अर्ज भरताना फाईल लगेच सापडावी म्हणून.

आता विचार करा, ते खातं कोणाचं? केंद्र मालकाच्या नावावर, पण कॉम्प्युटर सुरू करून दिला कामावरच्या पोराने. त्याने त्या दिवशी स्वतःचा ई-मेल टाकला. मग गावातल्या शेकडो लोकांची आधार कार्डं, सह्या, पासबुकं त्या पोराच्या खात्यात साठत गेली. सहा महिन्यांनी तो काम सोडून पुण्याला कंपनीत लागला. खातं त्याच्याबरोबर गेलं. त्याने तेच खातं घरच्या लॅपटॉपवर टाकलं की सगळ्या फाईली तिथे दिसणार. त्याच्या मनात काही वाईट नसेलही, पण उद्या त्याचा पासवर्ड कुणाच्या हाती लागला तर तुमचं आधार आणि तुमची सही त्या माणसाकडे गेली. यात कुणीही मुद्दाम चोरी केलेली नाही, तरी माल गेलेला आहे.

ओळखायचं कसं? डेस्कटॉपवरच्या फाईलीच्या शेजारी लहान ढगाचं किंवा हिरव्या बरोबरच्या खुणेचं चिन्ह दिसतं का ते बघा. दिसलं तर ती फाईल वनड्राईव्हमध्ये जाते आहे. चिन्ह दिसलं नाही तरी घड्याळाशेजारी निळ्या-पांढऱ्या ढगावर क्लिक करून खात्री करा.

केंद्र चालकांनी करायची दहा कामं

खालची नावं विंडोज ११ ची आहेत. विंडोज १० मध्ये 'प्रायव्हसी' नावाच्या भागात यातली बरीच बटणं सापडतील. मी माझ्या बातम्या टाईप करायच्या लॅपटॉपवर हे सगळं केलं, अर्धा तासही लागला नाही.

१. सेटिंग्ज, मग 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', मग 'डायग्नोस्टिक्स अँड फीडबॅक' उघडा. 'सेंड ऑप्शनल डायग्नोस्टिक डेटा' बंद करा.

२. त्याच पानावर 'इम्प्रूव्ह इंकिंग अँड टायपिंग' आणि 'टेलर्ड एक्सपीरियन्सेस' दिसेल तर तेही बंद करा. खाली 'डिलीट डायग्नोस्टिक डेटा' आहे, ते एकदा दाबा. आधी पाठवलेली माहिती पुसायची विनंती त्यातून जाते.

३. 'जनरल' मध्ये जाऊन जाहिरात क्रमांकाचं बटण बंद करा. अलीकडच्या अपडेटमध्ये हे 'रेकमेंडेशन्स अँड ऑफर्स' या नावाखाली गेलं आहे.

४. 'ॲक्टिव्हिटी हिस्टरी' आणि 'ऑनलाईन स्पीच रेकग्निशन' बंद. टेबलावरचा कॉम्प्युटर कुठे फिरत नाही, तेव्हा 'लोकेशन' पण बंद.

५. 'सर्च परमिशन्स' मध्ये 'क्लाऊड कंटेंट सर्च' बंद.

६. वनड्राईव्हच्या ढगावर क्लिक करून सेटिंग्जमध्ये 'सिंक अँड बॅकअप', मग 'मॅनेज बॅकअप' उघडा आणि तिन्ही फोल्डरचा बॅकअप थांबवा. त्याआधी कामाच्या फाईली पेन ड्राईव्हवर किंवा बाहेरच्या हार्डडिस्कवर काढून घ्या. बॅकअप थांबवल्यावर फाईली डेस्कटॉपवर न दिसता वनड्राईव्हच्या फोल्डरमध्येच राहू शकतात, आणि माणूस घाबरून जातो.

७. मग ब्राउझरमधून वनड्राईव्ह उघडून लोकांची जुनी कागदपत्रं तिथून पुसा. पुसलेलं तिथल्या कचरापेटीत ३० दिवस राहतं, तीही रिकामी करा.

८. खातं कामगाराच्या नावाचं असेल तर 'अकाउंट्स' मधल्या 'युवर इन्फो' मध्ये जाऊन 'लोकल अकाउंट' निवडा. लोकल अकाउंट म्हणजे फक्त त्या कॉम्प्युटरपुरतं खातं. पण त्याआधी डिस्क कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्टेड आहे का ते बघा. असेल तर तिची रिकव्हरी की जुन्या खात्यातून कागदावर लिहून घ्या. नाहीतर उद्या कॉम्प्युटरने ती मागितली की कामं ठप्प होतील.

९. स्कॅन ठेवायला डेस्कटॉप वापरू नका. डी ड्राईव्हवर 'आजचं काम' नावाचं फोल्डर करा आणि संध्याकाळी शटर ओढण्याआधी ते रिकामं करा. नुसतं डिलीट केलं तर फाईल रिसायकल बिनमध्ये जाऊन बसते. शिफ्ट दाबून डिलीट करा. डाऊनलोड्स फोल्डर पण विसरू नका, सगळे दाखले आणि उतारे तिथेच उतरलेले असतात.

१०. ब्राउझरमध्ये कुणाचा पासवर्ड सेव्ह करू नका आणि ब्राउझर वैयक्तिक खात्याला जोडून ठेवू नका. तसं असेल तर पासवर्डही त्या खात्याबरोबर फिरतात.

मोठ्या अपडेटनंतर एकदा ही पानं पुन्हा बघून घ्या. नवीन सोयी येताना नवीन बटणंही येतात. उदाहरण सांगतो. मायक्रोसॉफ्टने मे २०२४ मध्ये 'रिकॉल' नावाची सोय जाहीर केली. ती थोड्या थोड्या वेळाने पडद्याचे फोटो काढून कॉम्प्युटरमध्येच साठवून ठेवते, म्हणजे आधी बघितलेलं पुन्हा शोधता यावं. त्यावर एवढी टीका झाली की कंपनीला ती पुढे ढकलावी लागली, आणि नंतर वापरणाऱ्याने स्वतः चालू केली तरच चालू होईल असं करावं लागलं. ती खास नव्या प्रकारच्या महाग कॉम्प्युटरवरच चालते, त्यामुळे आपल्याकडे आज क्वचित दिसेल. पण नवीन मशीन घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. सेवा केंद्राच्या पडद्याचे फोटो म्हणजे लोकांच्या कागदपत्रांचेच फोटो.

फुकटचं विंडोज सगळ्यात महाग

काही जण म्हणतात, आमच्याकडे कंपनीचं विंडोजच नाही, कॉम्प्युटरवाल्याने पेन ड्राईव्हवरून टाकून दिलंय, मग माहिती जाईलच कशी? हा गैरसमज आहे. चोरीचं विंडोज सुरू करायला जे क्रॅक वापरतात ते अँटिव्हायरस बंद करून चालवावं लागतं. त्यात दुसरं काय भरलंय हे टाकणाऱ्यालाही माहीत नसतं. पासवर्ड चोरणारे प्रोग्रॅम अशाच वाटेने येतात. मायक्रोसॉफ्टला जाब विचारायला निदान एक नाव आणि एक पत्ता आहे. क्रॅक बनवणाऱ्याला कुठे शोधणार? 'एका क्लिकमध्ये विंडोजची हेरगिरी बंद' असं सांगणारी अनोळखी सॉफ्टवेअरही घेऊ नका. वरची बटणं हाताने दाबणं हाच सुरक्षित मार्ग.

दुसरी अडचण विंडोज १० ची. त्याचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सुरक्षेची वाढीव अपडेट घरगुती वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच जाहीर झाली, आणि ती फुकट घ्यायची तर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू करावा लागतो. तसं करणाऱ्यांनी फक्त सेटिंग्जचा बॅकअप ठेवावा, फोल्डरचा नाही. जुन्या मशीनवर विंडोज ११ बसत नाही, कारण त्याला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो. अपडेट नसलेल्या मशीनवर लोकांचे आधार हाताळणं म्हणजे कडी तुटलेल्या कपाटात दागिने ठेवणं.

लिनक्स चालेल का?

लिनक्स ही फुकट आणि खुली प्रणाली आहे. तिचा कोड कुणीही तपासू शकतो. लिनक्स मिंट किंवा उबुंटू जुन्या मशीनवरही चालतं, वापरायला खातं काढावं लागत नाही, आणि उबुंटू माहिती पाठवू का असं विचारतं तेव्हा सरळ 'नाही' म्हणता येतं. केरळमधल्या सरकारी शाळा कित्येक वर्षं अशीच खुली प्रणाली वापरतात. आपल्या देशातल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने 'बॉस' नावाची लिनक्स आवृत्ती तयार केलेली आहे.

पण खरं तेच सांगितलं पाहिजे. सेवा केंद्रात अंगठ्याचं मशीन, डिजिटल सहीचा डोंगल, जुना स्कॅनर ही सगळी अवजारं असतात आणि त्यांचे ड्रायव्हर बहुतेक वेळा विंडोजसाठीच मिळतात. म्हणून केंद्राचा मुख्य कॉम्प्युटर लगेच बदलता येईल असं नाही. घरचा जुना कॉम्प्युटर, शाळेची लॅब, वाचनालय, नुसतं टायपिंग आणि प्रिंटचं मशीन, इथे मात्र लिनक्स मजेत चालतं.

कायदा काय म्हणतो?

सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात एकमताने निकाल दिला की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यात १८ महिन्यांची मुदत आहे. ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी वापरायची, काम झालं आणि दुसऱ्या कायद्याने ठेवणं गरजेचं नसेल तर पुसायची, आणि दिलेली संमती परत घेणं हे ती देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे, हा त्याचा गाभा. दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. हा कायदा फक्त मोठ्या कंपन्यांपुरताच आहे असं केंद्र चालकांनी समजू नये. लोकांची कागदपत्रं कॉम्प्युटरवर ठेवणाऱ्या प्रत्येक धंद्याने आत्तापासून सवय लावलेली बरी.

रांगेत उभं राहणाऱ्यांनी काय करायचं?

जिथे चालत असेल तिथे मास्क्ड आधार द्या. त्यावर फक्त शेवटचे ४ अंक दिसतात आणि ते आधारच्या अधिकृत संकेतस्थळावरून उतरवता येतं. झेरॉक्स दिली तर तिच्यावर कशासाठी दिली आणि तारीख लिहून सही करा. आधारचे बायोमेट्रिक लॉक करून ठेवता येतात, गरजेपुरते उघडायचे. अंगठा लावायचं काम रोज कुठे असतं?

आणि ऑपरेटरला प्रेमाने तीन प्रश्न विचारा. माझी फाईल डेस्कटॉपवर आहे का? तिच्याशेजारी ढग दिसतोय का? रिसायकल बिन रिकामं केलं का? भांडायचं कारण नाही. तोही आपल्याच गावचा, दिवसाला पन्नास अर्ज भरणारा माणूस आहे. त्याला कुणी हे शिकवलेलं नसतं.

आपण सातबाऱ्यावर नाव चुकलं तर तलाठ्याकडे दहा चकरा मारतो, बांध हातभर सरकला तर मोजणी आणतो. आधार आणि पासबुकाची फाईल ही पण आपली मालमत्ताच आहे. या हंगामात केंद्रावर गेलात की कागद पिशवीत भरून लगेच निघू नका. दोन मिनिटं थांबा आणि पडद्याकडे बघून तेवढं विचारून घ्या.